ग्योटिंगेनचे एक सत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-सत्कार प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या शिक्षणनिधीतून मिळालेल्या साहाय्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरपासून एक सत्र मला जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गणिताचे अध्ययन करता आले. त्याचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. निधी आपला, तेव्हा त्याचे चीज झाले की नाही हे विचारण्याचा अधिकारही आपलाच.

प्रथम खर्चाविषयी. विद्यापीठांच्या विनिमय योजनेतून गेल्यामुळे तेथे शिक्षणशुल्क पडले नाही. सत्राची ठरावीक वर्गणी तेवढी भरावी लागली. खरा भार निर्वाहाचा. पुरेशी शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याने निर्वाहाची रक्कम आधीच एका खात्यात ठेवावी आणि तीतून दरमहा ठरीव पैसे काढावेत, असा तेथील दंडक आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम दरमहा ९९२ युरो झाली. सामान्य घराला एवढे पैसे एकदम उभे करणे किती अवघड, हे आपण जाणताच. निधी नेमका तेथे उपयोगी पडला.

आता अध्ययनाविषयी. व्याख्यान वेळापत्रकात दहाचे असले की ते सव्वादहाला सुरू होते, ही तेथील जुनी रीत. आणि ते संपले की विद्यार्थी टाळ्या न वाजवता बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करतात. परंतु खरे शिक्षण व्याख्यानात नव्हे, दर आठवड्याला मिळणाऱ्या उदाहरणांच्या कागदात असते. ती उदाहरणे सोडवून द्यावयाची, आणि साधारणपणे निम्मे गुण मिळविल्यावाचून परीक्षेला बसावयास मिळत नाही. नंतर लहान गटात कोणासही फळ्यापाशी बोलावतात. तेथे ‘पुस्तकात असे आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘का?’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो, आणि तो विचारणारा बहुधा आपल्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा असतो. पाठांतरावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न आरंभी जाचतो. पुढे त्याची गोडी लागते. गुणांची रीतही उलटी. १ हा सर्वोत्तम, आणि ४ च्या पुढे गेला तो अनुत्तीर्ण. मला एका विषयात १.७ मिळाले, हे ऐकून आमच्या आजीने दोन दिवस देवापुढे जास्तीचा दिवा लावला. तिची समजूत घालणे परीक्षेहून कठीण गेले!

डिसेंबरात सव्वाचारलाच अंधार पडे. त्या लांबलचक संध्याकाळी मी गावातून हिंडत असे. त्या गावी घराघरांवर संगमरवरी पाट्या आहेत. अमुक विद्वान येथे अमुक वर्षी राहिला, एवढेच त्यांवर कोरलेले. विद्यापीठात अध्यापन सुरू झाल्याचे साल १७३४, विधिवत् उद्घाटनाचे १७३७. गाउस येथलाच, पुढे हिल्बर्टही येथलाच. गणिताच्या संस्थेची इमारत १९२९ मध्ये उभी राहिली. एके काळी जगातील गणिती या गावाची वाट धरीत.

त्याच गावाची दुसरी कथा मात्र मन विषण्ण करते. एमी नोएथर ही थोर गणितज्ञ १९१५ मध्ये येथे आली, परंतु स्त्री म्हणून तिला अध्यापनाचा अधिकार नाकारण्यात आला. काही वर्षे तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होत. विद्यापीठाची सभा म्हणजे काही स्नानगृह नव्हे, असे हिल्बर्टने विरोधकांना सुनावल्याची आठवण सांगतात. १९१९ मध्ये तिला तो अधिकार मिळाला. पुढे १९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारचा कायदा आला, आणि ज्यू कुळात जन्मल्याच्या कारणाने नोएथर, कूरांट, मॅक्स बॉर्न अशा अध्यापकांना दूर करण्यात आले. नोएथर अमेरिकेस गेली व १९३५ मध्ये तेथेच वारली. कूरांटने न्यूयॉर्कमध्ये नवी संस्था उभारली. बॉर्न काही महिने आपल्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत रामन यांच्याकडे होता. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली विद्येची पुंजी काही महिन्यांत विखुरली.

मला सर्वांत अधिक स्मरण होते ते जेम्स फ्रांक यांचे. ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी. पहिल्या महायुद्धात लढलेले असल्यामुळे त्या कायद्यातून त्यांना सूट होती. आपली जागा राखून ते स्वस्थ बसू शकले असते. परंतु इतरांना जी वागणूक मिळते ती पाहून त्यांनी आपण होऊन राजीनामा दिला.

बंधुभगिनींनो, त्या घटनेची व आपल्या निधीची मी तुलना करीत नाही. कोणास हाकलून देणे वेगळे आणि आपल्या लेकरांना हात देणे वेगळे. ज्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, तो काळ मागे टाकून आपल्या वडिलांनी हा निधी उभारला, आणि आज त्यातून एक मुलगी परदेशी जाऊन आली. हे ऋण थोर आहे. तथापि विद्या जन्म विचारीत नाही, हे ग्योटिंगेनने फार मोठी किंमत मोजून शिकविले. माझ्या वर्गात माझ्याहून हुशार अशी एक मैत्रीण होती. निवड होऊनही पैशाअभावी तिला जाता आले नाही. तिच्या पाठीशी असे मंडळ नव्हते, एवढाच आम्हा दोघींतील भेद.

म्हणून एक नम्र विनंती करते. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक, ज्ञातीचा विचार न करता, गरजू व गुणी विद्यार्थ्यास द्यावी. आपल्या मुलांचा वाटा कमी होईल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी मला मिळालेली सर्व रक्कम नोकरी लागताच हप्त्याहप्त्याने परत करण्याचे वचन मी आजच देते. माझ्याआधी साहाय्य घेतलेल्या बंधुभगिनींनीही तसे केले, तर कोणाच्याही ताटातला घास न काढता हे कार्य होईल.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल. वडीलधाऱ्यांनी त्याचा विचार मात्र करावा.