गाणं मंडळीला परत द्या



अध्यक्षाने सगळ्यांना बरं वाटेल असं बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडणार आहे. मघाशी इथे भजनं झाली. मुलं तयारीची होती. कीबोर्डचं बटण दाबलं की ताल हजर, मागे पडद्यावर हिंदी शब्द सरकताहेत. आणि मंडळी काय करत होती? मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. रविवारच्या उपासनेतही आता हेच चालतं. मुलांबद्दल माझी तक्रार नाही. गाणं मंडळीच्या तोंडून काढून मंचावर नेणारे पाळक आणि कमिटीवाले, त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यातले बरेच जण पहिल्या रांगेत बसले आहेत, हे बरंच झालं.

बल्लारपूरच्या पेपर मिलच्या वस्तीतली कॉटेज प्रार्थना आठवा. सतरंजी, एक पट्टी दबून बसलेली पेटी, पुठ्ठा सुटलेलं 'उपासना संगीत'. वाचता येणारी बाई ओळ सांगायची, बाकीच्या ती उचलायच्या. दुसऱ्या फेरीला पुस्तकाकडे बघायची गरज उरायची नाही. सूर चुकला तर चुकला, गायचं सगळ्यांनी.

ही सोय आकाशातून पडलेली नाही. कृष्ण रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले. नारायण वामन टिळकांच्या हाती राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार पडला, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांची, भजनांची रासच घातली. तुकोबांचं बोट धरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. टाळ-मृदंगाच्या वळणाची ही भजनं अडाण्यालाही ऐकून पाठ व्हावीत अशी आहेत. टिळकांची जयंती आपण थाटात करतो, भजनं मात्र कपाटात.

'तरुणांना पेटी-तबला आवडत नाही हो,' असं मला सांगितलं जातं. मग दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर कोण बसतं? तिथली पदं पहाटेपर्यंत ऐकणारी पोरं आपल्याच गावांतली ना?

दुसरं भांडण संगतीचं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले; सिरोंच्याचे आपले तेलुगू बोलणारे भाऊ त्याच परंपरेतले. बल्लारपूरला सिरो-मलबार कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत, त्यांची मुळं केरळात. कागदावर आपण वेगळे, ठीक आहे. पण एका गावात तीन प्रार्थनामंदिरं असून तिघांनी मिळून एक भजन म्हणायला कोणत्या बिशपची परवानगी लागते?

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गोंडी गीत कान देऊन उतरवून घेतलं. 1863 साली ते बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. परदेशी माणसाने गोंडांचं गाणं आधी ऐकलं. आपण एटापल्ली-भामरागडला जातो, तेव्हा काय करतो? मराठी पुस्तकांचा गठ्ठा उतरवतो, ध्वनिक्षेपक लावतो आणि माडिया बहीणभावांना टाळ्या वाजवायला सांगतो. जे रात्र-रात्र आपली रेला गाणी गातात, त्यांना आपण गाणं शिकवणार! आपल्याला परके म्हणणाऱ्यांवर आपण चिडतो, चिडावंही. पण गोंडी बोलणाऱ्या विश्वासणाऱ्याला आपल्याच उपासनेत परक्यासारखं मागच्या बाकावर कोण बसवतं?

म्हणून अध्यक्ष या नात्याने ठराव मांडतो. महिन्यातून एका रविवारी कीबोर्ड आणि पडदा बंद राहील, मंडळी स्वतः गाईल. येत्या नाताळात गावातल्या सगळ्या मंडळ्यांची कॅरलची फेरी एकच निघेल. आणि प्रत्येक मंडळी एक तरी गोंडी किंवा माडिया भजन शिकेल, तेही त्या भाषेच्या माणसाने रचलेलं आणि त्याच्याच तोंडून. कुणाचा विरोध असेल तर त्यांनी आत्ताच उभं राहावं, मागाहून फोन करू नये.