एकनाथ, ‘धर्मात्मा’ आणि अस्पृश्यतेचा प्रश्न

अस्पृश्यतेचा प्रश्न मराठी भक्तिपरंपरेने फार पूर्वी विचारला होता.

सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी भारुडे,
म्हणजे लोकनाट्याच्या अंगाने गायची रूपकात्मक पदे, रचली
आणि त्यांतल्या काहींत उपदेशाचा अधिकार महाराच्या तोंडी दिला;
त्या काळी हे लहान धाडस नव्हते.

हाच अस्पृश्यतेचा प्रश्न १९३५ मध्ये पडद्यावर आला.
प्रभात कंपनीसाठी व्ही. शांताराम यांनी एकनाथांच्या जीवनावर चित्रपट काढला
आणि नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली.

चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते;
परंतु ते गांधीजींची आठवण करून देणारे असल्याने
सेन्सॉरने, म्हणजे सरकारी परीक्षकांनी, हरकत घेतली
आणि नाव ‘धर्मात्मा’ झाले.

संतकथेआडून विचारलेला प्रश्न समकालीनच आहे, हे राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते.