तिखट बोल, वाईट बोल



गेल्या पावसाळ्यात आमच्या पारावर एक गोष्ट घडली. एका पुढाऱ्याने दुसऱ्या पुढाऱ्याविषयी काहीबाही लिहिले. ते मोबाईलवर आले. एकाने ते मोठ्याने वाचले. आम्हीही तिथे होतो. हसलो. "पुढे वाच," म्हणालो. पण एका गड्याला राग आला. शब्दाने शब्द वाढला. दोघे शेजारी. एकाच विहिरीवर दोघांची पाण्याची पाळी. त्या दिवसापासून बोलणे बंद झाले. आणि ते पुढारी? दिवाळीनंतर एका लग्नात मांडीला मांडी लावून जेवले!

आता तुम्ही वाचायला शिकलात. तुम्हीही मोबाईलवरचे वाचाल. तेव्हा एक पारख शिका. पुढाऱ्याचा बोल नुसता तिखट आहे, की वाईट आहे?

"रस्त्याचे पैसे आले. रस्ता कुठे आहे?" हा बोल तिखट आहे. पण तो कामाचा आहे. तो विचारलाच पाहिजे. "त्याची जातच तसली" हा बोल वाईट. त्यात कामाची गोष्टच नाही. "ताई बिचाऱ्या! त्यांना हिशेब कसा कळणार?" यात शिवी एकही नाही. तरी अपमान आहेच. म्हणून नुसत्या शिव्या मोजू नका.

हे आम्ही मनचे सांगत नाही, बरं का. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता हेच सांगते. टीका करा, पण ती धोरणावर, कार्यक्रमावर, मागच्या कामावर करा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी गोष्टी काढू नका. फेसबुक, यूट्यूब अशा ठिकाणच्या प्रचारालाही हे लागू आहे, असे आयोगाने 2013 साली कळवले.

पण आचारसंहिता निवडणुकीपुरती. एरवी काय? लोकसभेत कोणी असभ्य बोलले, तर अध्यक्ष ते शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. मोबाईलवर असा अध्यक्ष समोर बसलेला नसतो. तिथे अध्यक्ष आपणच.

म्हणून वाचताना तीन प्रश्न विचारा. बोल कामाविषयी आहे की माणसाविषयी? त्याला काही पुरावा दिला आहे का? हेच तो ग्रामसभेत, सर्वांसमोर उभा राहून बोलेल का?

आणि माप एकच ठेवा. आपल्या पुढाऱ्याला एक पायली आणि दुसऱ्याच्या पुढाऱ्याला दुसरी, असे नको. धान्य मोजताना आपण तसे करतो का?

वाईट बोल पुढे पाठवू नका. पुढे पाठवला, की तो आपलाही बोल झाला. त्याला हसलो, तरी थोडा आपला झालाच. हे आम्हाला उशिरा कळले.

ते दोघे शेजारी अजून बोलत नाहीत. उद्या सकाळी आम्ही दोघांच्याही घरी जाणार आहोत. आधी आमची चूक सांगू. मग त्यांना एकत्र बसवू. तुमच्यापैकी कोणी बरोबर आले, तर बरेच होईल.