डब्यात डोंगर, डब्यात समुद्र



तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं.
मराठीतही ते आवडीनं वाचलं जातं.

त्यातली शाळा खरी होती, तोक्योतली.
वर्ग भरायचे आगगाडीच्या जुन्या डब्यांत.
जेवणात थोडं समुद्राकडचं, थोडं डोंगराकडचं असावं,
एवढंच मुख्याध्यापक कोबायाशी सांगत.

पुस्तकातलं हे जेवणाचं पान वाचावं, आणि लगेच करून बघावं.

वर्गात डबे उघडावेत.
मेथीची भाजी डोंगराकडची.
सुकटीची चटणी समुद्राकडची.
आणि नुसती भाजी-पोळी असेल तर?
भाजीतलं मीठ मिठागरातलं, म्हणजे समुद्राकडचंच!
इथे मुलांचा वाद रंगू द्यावा. खरी मजा त्यातच आहे.

मग त्या शाळेसारखी बाकांची आगगाडी करावी, पुठ्ठ्याची तिकिटं.

वाचावं, आणि लगेच करून बघावं.

शिक्षकहो, उद्या मधल्या सुट्टीआधी ते पान मुलांना वाचून दाखवा.