म्हैस, म्हशी आणि आपली मुलं
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'भाषा आणि आपली मुलं' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही भाषातज्ज्ञ नाही. दिवसभर कचेरीत कन्नडमध्ये टिप्पण्या लिहितो आणि रात्री मराठी वाचतो, एवढाच माझा अधिकार. म्हणून आपल्या ओळखीच्या म्हशीपासूनच सुरुवात करतो.

एक म्हैस, दोन म्हशी. 'म्हैस'मधल्या स चा 'म्हशी'त श कसा झाला? चार-पाच वर्षांचं पोरही 'म्हसी' म्हणत नाही. घसा दुखतो, पण खवखव घशात होते. इ किंवा य म्हणताना जीभ टाळूकडे जाते आणि शेजारच्या स लाही ओढून नेते. ही ओढ फार जुनी आहे. संस्कृतातली सीमा आपल्याकडे शीव झाली. हिंदीत 'सीना' म्हणतात, आपण 'शिवणं' म्हणतो. त्यांची सीप, आपला शिंपला. यासाठी कुणी सभा भरवून ठराव केला नव्हता.

च चंही तसंच. 'त्याचा' म्हणताना जीभ दातांशी असते, 'त्याची' म्हणताना टाळूशी. घरी जाऊन म्हणून पाहा. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, लिहिताना एकच, बोलताना दोन. 'चूल'मधला च वेगळा आणि 'चिंच'मधला पहिला वेगळा. बाळबोध लिपीत या दोन च ना वेगळी खूण नाही. म्हणजे गुरुजी फळ्यावर हा फरक लिहून दाखवू शकत नाहीत, तरी मराठी घरातलं मूल शाळेत जाण्याआधीच तो घेऊन येतं.

कसं? कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी 1984 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. कान बिघडला नव्हता. जो फरक घरात कामाला येत नाही, तो बाळ सोडून देऊ लागतं. पुढे मेहनतीने तो परत शिकता येतो, पण मेहनत पडते. बोबडे बोल फुटण्याआधीच एवढं काम उरकलेलं असतं!

आता आपल्या जोयड्याकडे येऊ. इथे शाळा कन्नड, बऱ्याच घरांत कोंकणी, आणि भजन-आरती मराठी. शाळेतल्या कन्नडमध्ये च एकच, टाळूचा. कोंकणीत मात्र मराठीसारखेच दोन्ही च आहेत. म्हणून कोंकणी घरातलं मूल मराठी 'चूल' बिनचूक म्हणतं. तेच मूल 'तुझा' ऐवजी 'तुजा' म्हणालं, 'वाघ' ऐवजी 'वाग' म्हणालं, की आपण हसतो. कोंकणीत शब्दाच्या सुरुवातीचा घ, भ टिकतो, मधला आणि शेवटचा बहुधा सौम्य होतो. घर ते घर, पण दूध ते दूद. यात ढिलाई कुठे आहे? म्हैस-म्हशीसारखाच तोही नियम आहे.

आणि बदल म्हणजे बिघाड म्हणावा, तर कन्नडकडे पाहा. जुन्या कन्नडमध्ये वाघाला 'पुलि' म्हणत, तमिळमध्ये अजून तेच म्हणतात. आजच्या कन्नडमध्ये 'हुलि'. दूध 'पाल्' होतं, ते 'हालु' झालं. दहा 'पत्तु' होते, ते 'हत्तु' झाले. काही शतकांत शब्दारंभीचा प सरकत सरकत ह झाला. पहिल्यांदा 'हालु' म्हणणाऱ्या पोराच्या पाठीत आजोबांनी धपाटा घातला असेल का, असा विचार मनात येतो. आज तीच शुद्ध कन्नड आहे, आणि माझ्या टिप्पण्या त्याच कन्नडमध्ये असतात.

मराठीनेही काय कमी सोडलं? नाकातले कितीतरी उच्चार आपण टाकले. 1962 च्या नियमांनी ते अनुस्वार लेखनातूनही गेले. कोंकणी 'हांव', 'तूं' म्हणताना ते नाकातले स्वर अजून सांभाळते. मग अशुद्ध कोण?

म्हणून परीक्षकांना माझी विनंती आहे. पाठांतर स्पर्धेत अर्थ न कळता घोकलेलं असेल, ओळी गाळल्या असतील, तर खुशाल गुण कापा. 'तुजा' म्हटल्याबद्दल कापू नका. गुण गेल्यावर ते मूल पुढच्या वर्षी व्यासपीठावर चढत नाही आणि घरी आज्जीशी कोंकणी बोलायलाही लाजू लागतं.

तरुण आई-बाबांनाही एक सांगायचं आहे. हल्ली पाळण्यातल्या बाळाशी मुद्दाम इंग्रजी नाहीतर कन्नड बोलतात, शाळेत सोपं जावं म्हणून. कन्नड शिकवायला पहिलीत शिक्षक आहेत, आपण सगळे त्यांच्याकडेच शिकलो. 'चूल'मधला च शिकवायला तिथे कुणी नाही. तो आज्जीकडेच मिळतो. बाळाला तिच्या मांडीवर द्या आणि तिला तिच्या बोलीत बोलू द्या.

आरतीची वेळ झाली आहे, तबक आलेलं दिसतं. थांबतो.