लसीचा कारखाना आणि नफ्याचा ताळा

(झोटवाडा येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी साधा बी. ए. आहे. हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळण्यात गेली. शेअरबाजारात पैसे कसे मिळवावेत हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ते कसे घालवावेत, हे मात्र सांगू शकतो. २०२० साली महामारीच्या धामधुमीत जैवतंत्रज्ञानातील एका कंपनीचे शेअर मी घेतले. पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते आणि घरात विचारले नव्हते. दोन वर्षांत निम्मे उरले. कंपनीचे नाव सांगत नाही; दोष तिचा नव्हताच. तिचा नफा एका वर्षात दुप्पट झाला एवढेच मी पाहिले होते. तिची तुलना केली, तीही गोळ्या बनवणाऱ्या औषध कंपनीशी!

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. परळच्या हाफकिन संस्थेला पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील घोडे रक्तद्रव्यासाठी दिले जात. त्यातूनच लस आपण स्वतः का बनवू नये, हा विचार निघाला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आफ्रिकेतील मेंदूज्वरासाठी २०१० साली तिने दिलेल्या लसीच्या मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी होती. इतक्या स्वस्त मालात नफा येतो तो संख्येतून. यंत्रे, थंड कोठ्या, तपासणी यांचा खर्च थोड्या मात्रा काढल्या तरी फारसा टळत नाही. कारखाना पूर्ण चालला तर तोच खर्च कोट्यवधी मात्रांवर विभागला जातो. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हिशिल्डच्या एकाच मात्रेचा भाव केंद्र सरकारला १५० रुपये आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपये होता. तेव्हा ग्राहक कोण, हे न पाहता नफ्याची टक्केवारी वाचण्यात अर्थ नाही. महामारीचे वर्ष धरून सरासरी काढणे, म्हणजे दिवाळीच्या महिन्यावरून हलवायाची वार्षिक मिळकत ठरवणे होय.

सीरम शेअरबाजारात नाही. बंगळुरूची बायोकॉन आहे. १९७८ साली निघालेल्या या कंपनीच्या एकत्रित हिशेबात साधी औषधे, मूळ जैविक औषधांच्या तोडीची बायोसिमिलर औषधे आणि दुसऱ्यांसाठी संशोधन करणारी सिंजीन, असे तीन निराळे धंदे येतात. तिघांचे सोबती वेगळे. सिंजीनची तुलना कंत्राटी संशोधन करणाऱ्यांशी व्हावी, लसवाल्यांशी नव्हे. अहवालात विभागवार आकडे दिलेले असतात; आपण ते पान उलटतो, इतकेच. शिवाय २०२२ साली बायोकॉनने व्हिअॅट्रिसचा बायोसिमिलर व्यवसाय तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतला, त्यातील काही भाग कर्ज काढून. अशा खरेदीनंतर व्याज आणि घसारा वाढतो. म्हणून व्याज, घसारा व कर यांपूर्वीचा नफा आणि निव्वळ नफा, दोन्ही शेजारी मांडावेत. पहिला धंद्याची प्रकृती सांगतो, दुसरा कर्जाचे ओझे.

एक खाच मला फार उशिरा कळली. नव्या औषधावरील प्राथमिक संशोधनाचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. पुढच्या विकासाचा खर्च मात्र काही अटींवर मालमत्ता म्हणून दाखवता येतो. एकीने सर्व खर्च टाकला आणि दुसरीने काही भाग मालमत्तेत ठेवला, तर दुसरी अधिक नफ्यातली दिसते. खिशातून पैसे दोघींच्याही गेलेले असतात! रोख प्रवाहाचा तक्ता पाहिला की हे उघडे पडते.

आता कल्पनेतल्या दोन कंपन्या. दोघींची विक्री १०० कोटी. एकीचा नफा २० कोटी, पण गुंतलेले भांडवल २०० कोटी. दुसरीचा नफा १० कोटी, भांडवल ५० कोटी. विक्रीवर पहिली दुप्पट नफ्याची दिसते, भांडवलावर मात्र पहिलीला १० टक्के आणि दुसरीला २० टक्के मिळतात. मी पहिलीच घेतली असती.

शासकीय नोकराला सट्टा वर्ज्य आहे, अधूनमधूनची गुंतवणूक नाही. माझी कोणत्या सदरात मोडत होती, हे पत्नीने मला विचारले होते. उत्तर मी अद्याप दिलेले नाही. दोन कंपन्यांचे गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल सोबत आणले आहेत. चहा येईपर्यंत ज्यांना पाहायचे असतील त्यांनी पुढे यावे.