विद्यापीठाजवळची एक खोली

भंडारा जिल्ह्याला स्वतःचें विद्यापीठ नाहीं. ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, २००५ सालीं त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें, आणि भंडाऱ्याचीं महाविद्यालयें आजहि त्यासच संलग्न आहेत. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली यांच्यासाठीं गोंडवाना विद्यापीठ निघालें. भंडाऱ्याची वाट मात्र बदलली नाहीं. पदवीच्या पुढें कांहीं शिकावयाचें, किंवा शिकलेल्या विद्येवर पोट भरावयाचें म्हटलें कीं, या जिल्ह्यांतील तरुणांचीं पावलें पश्चिमेकडे, साठएक किलोमीटरांवरील नागपुराकडे वळतात.

जो केवळ विद्यार्थी आहे त्याची सोय बरी-वाईट होते. त्याच्यासाठीं वसतिगृहें आहेत, जातीजमातींच्या संस्थांनीं चालविलेलीं छात्रालयें आहेत, आणि तेथें जागा न मिळाली तर चौघांत एक खोली घेऊन राहण्याची जुनी रीतहि आहे. आजच्या भाषणाचा विषय त्याच्याहून निराळा आहे. दिवसा बँकेंत, शाळेंत, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत किंवा एखाद्या संगणक-कचेरींत नोकरी करावयाची, आणि संध्याकाळीं ग्रंथालय, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास किंवा पीएच्. डी.चें काम यांसाठीं विद्यापीठाच्या आसपास असावयाचें, असें ज्यांच्या आयुष्याचें गणित आहे, ते तरुण-तरुणी हल्लीं पुष्कळ झाले आहेत. वसतिगृहाच्या दृष्टीनें ते नोकरदार, म्हणून तेथें प्रवेश नाहीं. घरमालकाच्या दृष्टीनें ते सडे, म्हणून तेथें विश्वास नाहीं. त्रिशंकूला निदान अधांतरीं तरी स्वतःची जागा मिळाली होती!

मग भंडाऱ्याहूनच रोज जाणें-येणें कां करूं नये, असें घरांतील वडील माणसें विचारतात. एस्. टी.नें मौद्यावरून नागपूर गांठण्यास दीड तासाच्या आसपास लागतो, आणि शहरांत शिरल्यावर पुन्हां शहर ओलांडावयाचें राहतें, कारण भंडारा नागपूरच्या पूर्वेस आणि विद्यापीठ शहराच्या पश्चिम अंगास. आगगाडीचा मार्ग अधिक वेगाचा खरा. पण ‘भंडारा रोड’ हें स्टेशन भंडाऱ्यांत नसून वरठीस आहे, आणि तेथवर जाण्यास दहाएक किलोमीटरांची मजल आधीं मारावी लागते. असे चार-चार तास रोज रस्त्यावर घालविणाऱ्या मुलाच्या हातीं अभ्यासाला काय उरणार? नोकरी टिकते, पण ज्यासाठीं नोकरी पत्करली तें काम मागें पडतें. खोलीचा प्रश्न हा सुखसोयीचा प्रश्न नव्हे, हें वडिलांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे.

खोली शोधावयास निघण्यापूर्वीं एक साधी गोष्ट ठरवावी. विद्यापीठाजवळ म्हणजे त्याच्या कोणत्या भागाजवळ? नागपूर विद्यापीठ एका भिंतीआड वसलेलें नाहीं. शिकविण्याचे बहुतेक विभाग अमरावती रस्त्यावरील आवारांत आहेत, तर ग्रंथालय रामदासपेठेंत. ज्याचें काम विभागांत आहे त्यानें रविनगर, भरतनगर, रामनगर, तेलंगखेडी या बाजूस हिंडावें. ज्याला पुस्तकांशींच कर्तव्य आहे त्यानें धंतोली-रामदासपेठेकडे. गोकुळपेठ व धरमपेठ या दोहोंच्या मधल्या. पण त्या जुन्या, सधन वस्त्या, आणि तेथील भाडीं ऐकून भंडाऱ्याचा मनुष्य एकदां तरी ‘महिन्याचें कीं वर्षाचें?’ असें विचारल्यावांचून राहत नाहीं.

या भूगोलांत अलीकडे एक मोठा पालट झाला आहे. शहरांतील मेट्रोची पूर्व-पश्चिम वाट ता. ११ डिसेंबर १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२२ सालच्या त्याच तारखेस, पूर्वेच्या टोकाला प्रजापतिनगरापर्यंत सुरू झाली. भंडाऱ्याहून येणारी वाहतूक ज्या पारडीच्या बाजूनें शहरांत शिरते, त्याच अंगाला हें स्थानक आहे. येथें बसलेला मनुष्य गाडी न बदलतां शंकरनगर किंवा एल्. ए. डी. चौकापर्यंत जातो, आणि तेथून विद्यापीठाचें आवार रिक्षाच्या टप्प्यांत राहतें. तेव्हां खोली विद्यापीठाला खेटूनच हवी हा हट्ट आतां सोडण्यास हरकत नाहीं. पूर्व नागपुरांत, मेट्रोच्या स्थानकापासून चालत जातां येईल अशी जागा घेतली तर भाड्यांत बचत होते, आणि शनिवारीं संध्याकाळीं भंडाऱ्याची बस पकडण्यास अर्धें शहर तुडवावें लागत नाहीं.

जागा दिसते, दारावर ‘खोली भाड्यानें देणें आहे’ अशी पाटीहि असते. खरी परीक्षा त्यापुढें. एकटेच का? लग्न झालें का? गांव कोणतें? आणि मग, जरा थांबून, आडनांव काय?

यांपैकीं पहिल्या प्रश्नांना इतिहास आहे, आणि तो ऐकल्यावर घरमालकावरचा राग थोडा ओसरतो. महायुद्धानंतर शहरांत जागांची टंचाई पडली, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनें १९४९ सालीं घरें भाड्यानें देण्यासंबंधीं व भाडेनियंत्रणासंबंधीं एक हुकूम काढला. नियंत्रकाच्या परवानगीवांचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देतां येऊं नये, ही त्याची मुख्य मेख. प्रांत गेला, राज्यें बदललीं, तरी विदर्भांत हा हुकूम सुमारें पन्नास वर्षें चालला. भाडेकरूंना त्यानें आसरा दिला, हें निर्विवाद. परंतु वडिलांनीं दिलेली खोली मुलाला परत मिळत नाहीं, हा धडाहि त्यानें अनेक घरांना शिकविला. घर रिकामें ठेवूं, पण अनोळखी माणूस आंत घेणार नाहीं, ही वृत्ति त्यांतून आली. ता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला आणि तो जुना हुकूम संपला. आतां मुदतीच्या परवान्यानें जागा देतां येते, आणि मुदत संपल्यावर न हलणाऱ्याला दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. भीतीचें कारण गेलें, भीति मात्र वारसाहक्कानें चालत राहिली आहे.

आडनांवाच्या प्रश्नाला असें कांहीं समर्थन नाहीं. परदेशांतून उच्च विद्या घेऊन आलेला एक तरुण अधिकारी १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठीं गेला. संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन तो शिकला होता आणि त्या कराराप्रमाणें सेवा करावयास आला होता. हिंदूंच्या खानावळींत त्याला जागा नव्हती. एका पारशी विश्रामगृहांत, दिवसाला दीड रुपया देऊन आणि नोंदवहींत पारशी नांव घालून तो राहिला. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्याला जागा सोडावी लागली. एका हिंदु व एका ख्रिस्ती मित्रानें आपापल्या अडचणी सांगितल्या. बागेंत बसून त्यानें मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. हे डॉ. भीमराव आंबेडकर, हा प्रसंग त्यांनींच पुढें लिहून ठेवला आहे. याच आंबेडकरांनीं १९५४ सालीं भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि १९५६ सालीं नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या नागपुरांत आज भंडाऱ्याच्या एखाद्या मुलाला आडनांव सांगितल्यावर ‘खोली कालच दिली’ असें उत्तर मिळतें, आणि पाटी मात्र आठवडाभर तशीच लटकत राहते. काठ्या नाहींत, आवाज चढत नाहीं, चहाहि विचारला जातो. खोली तेवढी मिळत नाहीं. ज्यांच्या माडीवर एखादी खोली रिकामी आहे अशीं सुशिक्षित कुटुंबें हें भाषण ऐकत असतील, तर हा प्रश्न त्यांच्याच उंबरठ्यावरचा आहे.

मुलींच्या बाबतींत प्रश्नांची यादी आणखी लांबते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृहें आहेत खरीं, पण दार बंद होण्याची वेळ आणि कचेरी सुटण्याची वेळ यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पैसे भरण्याआधीं विचारून घ्यावें.

आतां कागदाविषयीं. अकरा महिन्यांचा करार सर्वत्र होतो, आणि बारा महिन्यांच्या आंत म्हणून नोंदणी नको, असा समज घरोघर आहे. तो महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५व्या कलमानें प्रत्येक करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तो चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसतां वाद निघाला तर अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. म्हणजे नोंदणींत मालकाचेंच हित अधिक आहे, हें गोड शब्दांत पटवून द्यावें. भाड्याची पावती मागण्यास लाजूं नये. अनामत रकमेचा आंकडा व ती परत करण्याची मुदत करारांत अक्षरांनीं लिहून घ्यावी. तोंडी ठरलेली अनामत परत मिळतांना रंग आणि नळाच्या तोटीच्या नांवाखालीं बरीच झिजते.

खोली शक्य तर एप्रिल-मे महिन्यांत, भर दुपारीं पाहावी. परीक्षा आटोपून विद्यार्थी गांवीं गेलेले असतात, जून-जुलैची झुंबड अजून यावयाची असते, आणि भाड्यांत घासाघीस करण्यास वाव राहतो. नागपुरांत उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. गच्चीखालची जी खोली डिसेंबरांत उबदार व मोहक वाटते, ती मे महिन्यांत भट्टी होते. खिडकींत कूलर बसेल का, त्याला पाणी कोठून भरावयाचें, आणि त्याच्या विजेचा आकार भाड्यांत आहे कीं निराळा, हीं विचारपूस भाड्याच्या आंकड्याइतकीच महत्त्वाची. स्वयंपाकाची मुभा आहे का, हेंहि विचारावें. डब्यांत पोळ्या भरपूर येतात, पण धानाच्या जिल्ह्यांत वाढलेल्या माणसाचें पोट मूठभर भातानें भरत नाहीं. घरून येणाऱ्या चिन्नोर तांदुळाच्या पोत्यासाठीं एक कोपरा आणि एक शेगडी, एवढी तरतूद त्या खोलींत हवी.